घोषणा पोचली, तारीख पोचली नाही

कोविडच्या लसीकरणाचा विषय निघाला की कोकणाबद्दल एक ठरीव वाक्य कानावर येतं. लोक घाबरले, अफवांना बळी पडले, जनजागृती कमी पडली. लोक घाबरले हे खरं. बाकीचं वाक्य सोयीचं आहे, कारण त्यात दोष वाडीतल्या म्हातारीच्या पदरात पडतो आणि पत्रक काढणारा मोकळा राहतो. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हापासून 'लस सुरक्षित आहे, लस घ्या' हे फोनच्या कॉलर ट्यूनपासून एस.टी. स्टँडच्या भिंतीपर्यंत सगळीकडे होतं. ते ऐकलं नाही असा माणूस रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत शोधून सापडला नसता. पोचलं नाही ते निराळंच. लस कुठली, कुठल्या दिवशी, किती डोस येणार, घेतल्यावर काय होणार आणि किती दिवस, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला नक्की घाबरायचं, दुसऱ्या डोसाची तारीख कुणाकडून कळणार. ही माहिती. भिंतीवर होती ती जाहिरात, आणि आपण साथीत बऱ्याच अंशी जाहिरातीवर भागवलं.

साधी कुपीची गोष्ट घ्या. कोविशील्डच्या कुपीत ५ मिलि. औषध, म्हणजे अर्ध्या मिलि.चे १० डोस. एकदा बूच टोचलं की ४ तासांत कुपी संपवायची, उरेल ते फेकायचं. सिस्टर वाडीवर येते, शाळेच्या ओसरीवर सहा माणसं जमतात. सहांसाठी कुपी उघडली तर चार डोस वाया जाणार. २१ जून २०२१ पासून केंद्राने जे धोरण लागू केलं त्यात वाया गेलेल्या डोसांचा राज्याच्या वाट्यावर उलटा परिणाम होईल, असं लिहिलेलंच होतं. तो धाक मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून उपकेंद्राला. शेवटी ओसरीवर सांगितलं जातं, 'दहा जण झाल्याशिवाय उघडता येणार नाही, थांबा.' सहातले दोघं खाडीपलीकडून तरीने आलेले असतात. ओहोटी लागली की होडी धक्क्याला लागत नाही, चिखलातून चालावं लागतं, म्हणून ते उठून जातात. संध्याकाळी पलीकडच्या वाडीत बातमी होते: 'गेलो होतो, दिली नाही, परत पाठवलं.' ही अफवा नाही, घडलेली गोष्ट आहे, आणि कुठल्याही पोस्टरपेक्षा तिची पोच मोठी असते. ते दोघं पुन्हा येत नाहीत. मग त्यांची नोंद 'लसीला विरोध' या रकान्यात होते.

यावर उपाय दोन होते आणि दोन्ही स्वस्त. एक म्हणजे आदल्या दिवशी कारणासकट सांगणं: कुपी दहाची आहे, फोडल्यावर चार तास टिकते, दहा नावं आज द्या. भजनाला, पालखीला, गवत कापायला माणसं जमवणाऱ्या वाडीला दहा डोकी गोळा करणं जड नाही. फक्त दहाच का, हे तिला कुणी सांगायला हवं. दुसरा उपाय सरकारच्या हातातला. दुर्गम वाडीत सहांसाठीही कुपी फोडा आणि वरच्यांनी त्याचा जाब विचारू नये. गोवर-रुबेलाच्या लशीत एका बाळासाठी आलेल्या आईलाही परत पाठवायचं नाही, हे आपल्या सिस्टरांना वर्षानुवर्षं शिकवलं जातं. कोविडच्या वेळी तेच शहाणपण डोसांच्या हिशेबात बुडालं. बरं, कुपीत औषध थोडं जास्तच भरलेलं असतं. केरळच्या सिस्टरांनी त्यातून अकरावा डोस काढून दाखवला आणि त्याचं देशभर कौतुक झालं. म्हणजे बचत करायला वाव होता, पण तो कुशल हातात होता. म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवण्यात नव्हता.

लशीच्या थंडपणाबद्दलचे प्रश्नही असेच हसण्यावारी नेले गेले. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली कितीतरी गावं अंधारात बसली. त्यानंतर 'लाइट नव्हती, मग लस चांगली कशी राहिली?' असं विचारणारा माणूस अडाणी नव्हता. त्याच्या घरच्या फ्रिजमधली मासळी खराब झालेली होती. त्याला उत्तर देता येतं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे लस ठेवायचा खास फ्रिज, घरच्या फ्रिजसारखा नसतो. झाकण वरून उघडतं, भिंती जाड असतात, त्यामुळे वीज गेली तरी झाकण न उघडता थंडावा बराच वेळ धरून राहतो. आतलं तापमान रोज दोनदा वहीत चढतं. पारा वर सरकायला लागला की कुप्या कोल्ड बॉक्समधून दुसऱ्या केंद्रात हलवतात. ती वही मागणाऱ्याला दाखवली असती तर कुणाचं काय जाणार होतं?

खरं तर जाणकाराला उष्णतेपेक्षा गोठण्याची भीती जास्त असते, आणि ही गोष्ट लोकांना कुणी सांगितलीच नाही. डीप फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच लस नेण्याच्या पेटीत, म्हणजे कॅरिअरमध्ये, घातला तर त्याला चिकटलेली कुपी गोठू शकते. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचं संयुग असतं, गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. वरून बघून ते कळेलच असं नाही. म्हणून पॅक बाहेर काढून ठेवतात, थोड्या वेळाने कानाशी धरून हलवतात, आत पाणी खळखळलं की मगच चार बाजूंना चार पॅक लावतात. कुप्या झिपच्या पिशवीत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत पॅकला घाम सुटतो आणि लेबल सुटून येतं. लेबल गेलं की बॅच नंबर गेला, मग कुपी टाकावीच लागते. सकाळी निघायच्या घाईत हा खळखळीचा अर्धा तास चुकतो, आणि चुकला हे पुढे कुणालाही कळत नाही. हे उघड सांगितल्याने लोक घाबरले नसते. ज्या कामात माणूस एवढी काळजी घेतो त्या कामावर भरवसा बसतो.

आता मुख्य दुखणं. 'काही होत नाही हो, बिनधास्त घ्या.' चांगल्या हेतूने बोललेलं हे वाक्य लसीकरणाला सगळ्यात महाग पडलं. होतं. कोविशील्डच्या पहिल्या डोसानंतर त्याच संध्याकाळी किंवा रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी, हात जड, आणि साधारण दोन दिवसांत सगळं उतरतं. रोजावर जाणाऱ्या बाईसाठी दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घेतली तर दुसऱ्या दिवशी गोठा कोण बघणार, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर सोपं आहे: निम्म्यांनी या सत्रात घ्या, निम्म्यांनी पुढच्या. काजू सोलणीला, मासळी निवडायला जाणाऱ्यांना सुट्टीच्या आदल्या दिवशी द्या. ताप आला तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. आधीच घेऊन ठेवायची गरज नाही. टोचलेली जागा चोळू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई टोचण्याआधी सांगा, म्हणजे नंतर बोटाने दोन मिनिटं दाबून धरता येतं. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या. लशीच्या भीतीने त्या चुकवून आलेल्या माणसाचं बीपी वाढलेलं निघतं आणि त्याचं खापर लशीवर फुटतं. पथ्याचे प्रश्न तर विचारूच नका: सुकी मासळी चालेल का, माडी चालेल का. दारूने लस निकामी होते याला पुरावा नाही, असं केंद्राच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेलं होतं. तरी कुणी आठवड्याचं पथ्य सांगितलं, कुणी महिन्याचं, आणि हंगामातल्या तरण्या खलाशाला लस टाळायला एक कारण आयतं मिळालं.

उपाशीपोटी येऊ नका, हेही कारणासह सांगायचं असतं. सुई बघून किंवा पोट रिकामं असल्याने घेरी येऊन पडलेला माणूस आणि तीव्र ॲलर्जी झालेला माणूस लांबून सारखेच दिसतात. घेरीवाल्याला आडवं करून पाय उंच धरले की तो सावरतो, त्याची नाडी संथ असते. ॲलर्जीवाल्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, छातीत घरघर लागते, नाडी जलद आणि क्षीण होते. अशा वेळी वाट बघायची नसते. ॲड्रेनलिनचं १:१००० चं इंजेक्शन, मोठ्या माणसाला अर्धा मिलि., मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि मग १०८. पहिला डोस द्यायची मुभा एएनएम सिस्टरलाही आहे. अर्धा तास बसवतात ते यासाठी. सर्टिफिकेटचं प्रिंट निघायला वेळ लागतो म्हणून नव्हे, जरी तशी समजूत बऱ्याच जणांची होती. आणि जिथे फोनला रेंज नाही तिथे सत्र सुरू होण्याआधीच कुणाची रिक्षा उभी राहील ते ठरलेलं असायला हवं.

अशा ॲलर्जीने मृत्यू झाला का? झाला. लसीकरणानंतरच्या गंभीर घटना तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने ३१ प्रकरणं तपासली आणि ८ मार्च २०२१ ला लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू लशीच्या तीव्र ॲलर्जीने झाल्याचं जून २०२१ मध्ये मान्य केलं. त्याआधी, १७ मे २०२१ ला, कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याबद्दल सरकारनेच जाहीर केलं होतं: ४९८ गंभीर घटनांच्या अभ्यासात अशी शंका घ्यावी अशी २६ प्रकरणं, प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१. सोबत लक्षणांची यादी होती. लस घेतल्यापासून २० दिवसांत धाप लागणं, छातीत दुखणं, हातपाय दुखणं वा सुजणं, टोचलेल्या जागेपासून दूर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न थांबणारी पोटदुखी, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, फिट, एखाद्या बाजूची ताकद जाणं. यातलं काही झालं तर केंद्रावर या. उत्तम यादी. ती वर्तमानपत्रांत आली आणि विरली. ज्या कागदावर डोसाची तारीख लिहून हातात दिली जात होती, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती छापायला काय हरकत होती?

हरकत अशी सांगितली जाते की दुसरी लाट चालू असताना गुठळ्यांचं नाव काढलं असतं तर केंद्रं ओस पडली असती. काही दिवस पडलीही असती. पण त्याची किंमत आपण पुढे व्याजासकट मोजली. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदपत्रांत ॲस्ट्राझेनेकाने, म्हणजे जिची लस आपल्याकडे कोविशील्ड नावाने आली त्या कंपनीने, हा दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली आणि गावोगावच्या व्हॉट्सॲपवर 'आता कबूल केलं' असं फिरू लागलं. ज्याच्या कपाटात २०२१ चा कागद मागच्या यादीसकट पडलेला असता, त्याला ही बातमी तीन वर्षं जुनी वाटली असती. ज्याला 'काही होत नाही' असं सांगितलं होतं, त्याला आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. साठीच्या माणसासाठी कोविडचा धोका या दुष्परिणामापेक्षा कितीतरी मोठा होता. विशीच्या मुलासाठी हिशेब जास्त जवळचा होता, म्हणून ब्रिटनने मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्यांना शक्य तिथे दुसरी लस द्यायचं ठरवलं. आपल्याकडे डेल्टाची लाट अंगावर होती आणि हातात पर्याय कमी होते, त्यामुळे सर्व वयाच्या प्रौढांना कोविशील्ड देण्याचा निर्णय आमच्या मते योग्यच होता. पण तो निर्णय होता, आणि निर्णयाची कारणं सांगायची असतात.

आज गावात कुणी तरुण क्रिकेट खेळताना कोसळला की पहिलं बोट लशीकडे जातं. त्यालाही 'अफवा आहे' हे उत्तर पुरत नाही, तपशील लागतो. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ प्रकार तरुण पुरुषांत मुख्यतः एमआरएनए लशींनंतर, फायझर-मॉडर्नाच्या, दिसला. त्या लशी आपल्या मोहिमेत नव्हत्याच. कोविशील्डच्या गुठळ्यांचा काळ साधारण पहिल्या डोसानंतरच्या सहा आठवड्यांतला, तीन-चार वर्षांनंतरचा नाही. आणि आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये छापला. ७२९ मृत्यू, आणि तुलनेला २,९१६ जिवंत माणसं. त्यात लशीने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात असा अचानक मृत्यू आधी झालेल्यांत, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत किंवा अंगाबाहेर श्रम केलेल्यांत. ही माहिती गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या मांडवात सांगण्याजोगी आहे. लशीच्या बचावासाठी नव्हे, त्या पोरांसाठी.

तारखांचं तर विचारायलाच नको. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, २२ मार्च २०२१ ला ६ ते ८, १३ मेला १२ ते १६. अंतर वाढवल्याने संरक्षण सुधारतं याला आधार होता, आणि तेव्हा लशीचा तुटवडा होता हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं. सरकारने पहिलंच सांगितलं, लोकांनी दुसरंच ऐकलं. किनाऱ्यावर या अंतराचं गणित आणखी बिघडलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे आगोटीनंतरचे, पावसाळा लागल्यावरचे, हे दोन महिने खलाशी घरी. पण मे महिन्यात डोसांअभावी राज्याला १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवावं लागलं होतं, ते सगळ्यांना खुलं झालं जूनच्या उत्तरार्धात. समजा एखाद्या खलाशाने १० जुलैला पहिला डोस घेतला. दुसरा येतो २ ते ३० ऑक्टोबरच्या दरम्यान, ऐन हंगामात. तेव्हा नौका हर्णैची असो की मिरकरवाड्याची, मासळी जिथे उतरेल तिथे माणूस. दुसरा डोस देशातल्या कुठल्याही केंद्रावर मिळतो, लस तीच हवी, एवढं एक वाक्य त्याला माहीत असतं तर काम झालं असतं. ते सांगायची जागा ग्रामपंचायतीची भिंत नव्हती. नौका निघण्याआधी जिथे थांबते ती बर्फाची फॅक्टरी, डिझेलचा पंप आणि मच्छीमार सोसायटी, आणि सांगायचं ते तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला.

फोन नंबराचा घोळ वेगळाच. को-विन या सरकारी नोंदणी पोर्टलवर एका नंबरावर सुरुवातीला चारच नावं चढत. म्हाताऱ्यांकडे फोन नाही, म्हणून कुणाचं नाव आशाताईच्या नंबरावर, कुणाचं मुंबईच्या मुलाच्या. दुसऱ्या डोसाचा मेसेज जातो दिवा-नालासोपाऱ्याच्या चाकरमान्याकडे, तो लोकलमध्ये; आई बसलीय वेंगुर्ल्यात. पहिल्या वेळी आधार आणि दुसऱ्या वेळी मतदान कार्ड दाखवलं की यंत्रणा दोन वेगळी माणसं धरते, मग दोन 'पहिले डोस' आणि पुरं सर्टिफिकेट नाहीच. आखातात किंवा जहाजावर निघालेल्याला हे विमानतळावर कळायचं. त्यांच्यासाठी २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सवलत जून २०२१ पासून होती आणि सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडता येत होता. खेड-दापोली-श्रीवर्धनच्या घरांना ते बहुधा ट्रॅव्हल एजंटाकडून कळलं, आरोग्य खात्याकडून नाही.

माहितीचा नमुना कसा हवा? भोंग्यावरून एका दमात सांगता येईल असा. 'मंगळवारी सकाळी साडेनऊ ते दीड, मराठी शाळेत. कोविशील्ड, तीस डोस, म्हणजे तीन कुप्या. दुसरा डोस ज्यांच्या पहिल्याला चौऱ्याऐंशी दिवस झाले त्यांनाच. खाऊन या, रोजच्या गोळ्या घेऊन या, पहिल्या वेळी दाखवलं तेच कार्ड आणा. अर्धा तास बसावं लागेल. रात्री ताप येईल, दोन दिवसांत जाईल, नाही गेला तर आशाताईंना सांगा. ओहोटी बारानंतर आहे, पलीकडच्यांनी आधी या.' यात 'सुरक्षित' हा शब्द कुठे नाही, आणि लागतही नाही. मात्र हे लिहायला जिल्ह्याच्या माध्यम कक्षाला जमणार नाही. भरतीची वेळ त्यांना ठाऊक नसते. उपकेंद्राला लिहू द्यावं लागेल, आणि त्यासाठी किती डोस येणार हे त्याला दोन दिवस आधी खरंखरं कळलेलं असावं लागेल. बऱ्याचदा ते रात्री उशिरा कळायचं. मूळ गाठ तिथे होती.

कोविड मागे पडला म्हणून हा विषय मागे पडत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून माकडताप, म्हणजे गोचिडांमुळे पसरणारा जंगलताप, आहे. त्याची जुनी लस आधी एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, पुढे दरवर्षी बूस्टर अशी होती. परिणाम कमी पडतो असं दिसल्यावर २०२२ मध्ये ती बंद झाली. लस चालत नाही म्हणून बंद केली, हे त्या भागातल्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, नाहीतर नव्या लशीच्या वेळी 'मागची का बंद केली' याचं उत्तर वाडी आपल्या मनाने देईल. नव्या लशीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हाही गोचिडांचा हंगाम डिसेंबरपासून काजू संपेपर्यंतचाच असणार, म्हणजे डोस त्याआधी पुरे व्हायला हवेत आणि नावं भातकापणीच्या आधी लिहायला हवीत. जळणाला आणि पाचोळ्याला रानात कोण जातं, कुठल्या वाडीतून, किती जण, हे आशाताईला आजही तोंडपाठ आहे. ते वहीत उतरवून त्या माणसांचे स्वतःचे किंवा शेजारच्या घरातले फोन नंबर टिपायला नव्या लशीची वाट बघायची गरज नाही.